'बुरलिए'मधला धूर

मियो, ११ फेब्रुवारी १९७९

प्रिव्हा,

तर सोनेरी टोपण बसवलं की बाटलीत काहीही ओतलं तरी चालतं, असं तुमच्या कारखान्यात कोणी ठरवलं? टोपण हुंगायचं का आम्ही? मंगळवारी तुझं पार्सल आलं, नव्या वर्षाचं 'बुरलिए', महिनाभर उशिरा, पण ते सोड. खोक्यावर तोच खोगीर शिवणारा म्हातारा बुरलिए, ज्याचं नाव अत्तराला दिलंय तो, तीच रिकीब, नाव तेच. उघडून हुंगलं तर कपडे धुतलेल्या पाण्यात कोणी संत्रं पिळावं तसं. मला वाटलं माझंच नाक गेलं. मारीझला हुंगवलं, तर ती म्हणाली, "आई, हे न्हाव्याच्या दुकानातलं आहे, बाबांचं नाही."

तुझ्या भावाची, फुलक्रांची, काय दशा आहे ते मी ख्रिसमसला लिहिलं होतं. तू उत्तरात हवापाण्याचं लिहिलंस, म्हणून पुन्हा लिहिते. ऑक्टोबरात हातमोज्यांचा कारखाना बंद झाला तेव्हापासून हा माणूस खिडकीशी खुर्ची टाकून बसला आहे. जन्मभर सकाळी दाढी, मग कानामागे 'बुरलिए', मग टोपी, मग कारखाना. त्या वासाने घराला कळायचं की दिवस सुरू झाला. आता टोपी खुंटीला आणि दाढी वाढलेली, आणि जुनी बाटलीही नेमकी तेव्हाच संपली. मी मनाशी म्हटलं, प्रिव्हाची नवी येऊ दे, वास आला की उठेल.

उठायलाच हवा. दोन जूनला मारीझचं लग्न आहे. आपल्याकडे कातडं कापणाऱ्याची लेक दुसऱ्याने कापलेले हातमोजे घालून चर्चमध्ये जात नाही, हे तुला सांगायला नको. माझे माझ्या बापाने कापले होते, आणि त्याचं माझं तेव्हा बोलणंसुद्धा नव्हतं. कोकराचं कातडं आणून ठेवलंय, ओठाला लावलं तर कळणारही नाही इतकं मऊ. शिवायला मी बसलेय सुई घेऊन. कापणारा म्हणतो, "माझे हात गेले, दुकानातून आण." दुकानातून. फुलक्रांच्या लेकीला.

तर तुझं ते नवं पाणी मी त्याच्या गळ्याला लावलं. त्याने मान वळवली, एकदाच हुंगलं आणि विचारलं, "कोण आलंय?" आणि पुन्हा खिडकीबाहेर.

बाटल्या भरण्याआधी प्रत्येक घाणा जुन्या नमुन्याशी ताडून पास करणारा तू. तुझ्या नाकाखालून गेल्याशिवाय तिथे काही बाहेर पडत नाही, असं तूच दर लग्नाकार्यात सांगतोस. मग यातून काय काढलं, आणि जुनं कुठे मिळेल, तेवढं लिही. हवापाणी नको.

मारीझ म्हणते, मध्ये मध्ये स्वल्पविराम घाल. मी म्हटलं, काकाला जिथे श्वास घ्यायचा तिथे घेऊ दे.

नोएली


ग्रास, १९ फेब्रुवारी

लाडक्या वहिनी,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत उघडलं, तर शेजारचा विचारतो, कोण ओरडतंय? म्हटलं, वहिनी. ज्या बाईने मला टाय बांधायला शिकवलं आणि त्यानेच गळा आवळला, ती.

'बुरलिए' तेच आहे गं. तो घाणा मीच हुंगून पास केला आहे. नमुन्याची पट्टी एका हातात, नव्याची दुसऱ्या हातात, रीतसर. तसूभर फरक नाही. टोपण नव्या मालकाला सोनेरी हवं होतं, एवढंच. तुमच्याकडे हिवाळ्यात सगळं घर शिंकत असतं, त्यात नाकं बसली असतील तुमची. फुलक्रांला म्हणावं, आधी दाढी कर. खुंटांवर अत्तर नीट बसत नाही.

त्याचं ऐकून वाईट वाटलं. पण तो उठेल. आपण लहानपणापासून पाहतोय, तो रुसला की भिंत होतो आणि मग एक दिवस भिंतीतून दार निघतं.

लग्नाचं मात्र कठीण दिसतंय. मे महिन्यात इथे गुलाब येतो आणि जूनपर्यंत कोणाला मान वर करायला फुरसत नसते. मारीझला समजावून सांग.

माझं ठीक चाललंय. परवा सूप करपून पातेलं कोळसा झालं, आणि मी पलीकडच्याच खोलीत पेपर वाचत होतो. शेगडी जुनी झालीय, बदलायला हवी.

तुझा,
प्रिव्हा


मियो, ४ मार्च

प्रिव्हा,

तसूभर फरक नाही म्हणतोस. बरं.

सोबत हातमोजे पाठवतेय. तू ग्रासला निघालास तेव्हा फुलक्रांने तुझ्यासाठी कापले होते आणि तू नेहमीप्रमाणे विसरून गेलास, ते सासूबाईंच्या कपाटात मागच्या बाजूला सापडले. कसे जपले गेलेत ते बघ. आणि वास कसा येतो तेही लिही. तू नाकवाला, तुझ्याकडून ऐकायला बरं वाटेल.

लग्नाला येत नाही हे मी मारीझला सांगितलेलं नाही. तिने लाल फडकं धुऊन इस्त्री करून ठेवलंय. तुझ्या डोळ्यांना बांधायचं, ताटात एकेक वस्तू ठेवायची आणि तू नुसत्या वासाने ओळखायची, हा खेळ सगळ्यांच्या लग्नात झाला, तर हिच्या लग्नात नको? नवऱ्याकडच्यांना तर तिने आधीच सांगून टाकलंय की माझ्या काकाने एकदा अख्ख्या टेबलावरचे पाहुणे वासाने ओळखले होते. तू स्वतःच तिला लिही काय लिहायचं ते.

फुलक्रांने परवा एक काम केलं. खुर्ची दुसऱ्या खिडकीशी नेली.

नोएली


ग्रास, १२ मार्च

लाडक्या वहिनी,

हातमोजे मिळाले. खोकं उघडलं आणि मी थेट आईच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. तो लॅव्हेंडर! कपाटाचं दार उघडल्यावर यायचा तसा, सुकलेला, थोडा धुळकट, आणि त्याच्या मागे कातड्याचा मंद गोडवा. इतक्या वर्षांनीही जसाच्या तसा. तू किती जपून ठेवलेस. मी ते उशाशी ठेवलेत.

फुलक्रांची कात्री कशी चालायची बघ, करंगळीजवळ एक धागासुद्धा वाकडा नाही. मला ते अजून बसतात, अंगठा तेवढा घट्ट होतो.

इथे विशेष काही नाही. घरमालकीणबाई कालपासून विचित्र वागतायत. जिन्यातल्या सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्यात, येता-जाता माझ्या दाराकडे बघून नाक दाबतात. मी काय केलंय देव जाणे.

मारीझला मी सवडीने लिहीन.

तुझा,
प्रिव्हा


मियो, १७ मार्च

प्रिव्हा,

खुर्चीवर बस आणि मग वाच.

ते हातमोजे सासूबाईंच्या कपाटात होते हे खरं. लॅव्हेंडरच्या पुरचुंडीतच होते, आपल्या गावातल्या सगळ्यांचे असतात तसे. पण तुला पाठवण्याआधी मी ते आठवडाभर रोकफोरच्या चीजच्या फडक्यात गुंडाळून कोळशाच्या खोलीत ठेवले होते. माझी बहीण तिथल्या तळघरात कामाला आहे, तिच्याकडून सगळ्यात पिकलेलं, निळं, घाम सुटलेलं चीज मागून घेतलं. वरून अंड्याचा बलक चोपडला, तोही नासका. पोस्टातली मुलगी पार्सल हातात घेऊन म्हणाली, "मादाम, यात काही मेलंय का?" तुझी घरमालकीण देवमाणूस म्हणायची, तिने तुला घराबाहेर काढलं नाही.

आणि तू लिहितोस, लॅव्हेंडर. मंद गोडवा.

मियोच्या माणसाला हातमोजा दिसला की लॅव्हेंडर आठवणारच. तू हुंगलं नाहीस, प्रिव्हा. तू आठवलंस.

मला आधी तुझा राग आला, खोटं बोलतो म्हणून. पत्र चुलीत घालायला उठले होते. मग ते करपलेलं सूप वाचलं पुन्हा. मग बसले तशीच, हातातली सुई कुठे गेली कळलं नाही, संध्याकाळी फुलक्रांच्या खुर्चीत सापडली, त्यालाच.

कधीपासून वास येत नाही तुला? डॉक्टरला दाखवलंस का? तिथे कोणाला माहीत आहे? तीन प्रश्न आहेत, तीन उत्तरं दे. मी तुझी वहिनी आहे, तुझी मालकीण नाही. मला फसवून तुला काय मिळणार आहे?

हातमोजे वाऱ्यावर टाक. उशाशी ठेवू नकोस, माझ्या बाबा.

नोएली


ग्रास, ६ एप्रिल

वहिनी,

इतके दिवस उत्तर दिलं नाही. लिहायला बसायचो आणि उठायचो.

मागच्या वर्षीच्या हिवाळ्यात फ्लू आला होता, साधाच. ताप गेला आणि त्याच्याबरोबर वासही गेला. मला वाटलं येईल आठवड्याभरात. डॉक्टर म्हणाले, कधी येतो, कधी नाही. तो आला नाही. कॉफी म्हणजे गरम पाणी, गुलाबाच्या गाड्या म्हणजे नुसता रंग. कोणालाही सांगितलं नाही. ज्या माणसाला सगळं गाव 'नाक' म्हणून ओळखतं त्याने काय सांगायचं? मी घाणे पास करत राहिलो. इतक्या वर्षांत चुकीचा घाणा क्वचितच निघायचा, तेव्हा 'ठीक आहे' म्हणत राहिलं तरी चालून जायचं.

आता जे सांगतो ते कोणाला सांगितलेलं नाही. त्यानंतरच्या शरदात नव्या मालकाने मला बोलावलं. दोन कागदी पट्ट्या पुढे केल्या, एक जुन्या 'बुरलिए'ची, एक नव्या मिश्रणाची. म्हणाला, तरुणांना हलकं हवंय, आम्ही थोडं बदलून पाहिलंय, तुम्हाला फरक जाणवतो का? मी दोन्ही हुंगल्या. डोळे मिटले, वेळ घेतला, सगळं नाटक केलं. आणि म्हणालो, "काही फरक नाही." तो खूश झाला. म्हणाला, तुम्हाला कळत नाही तर गिऱ्हाइकाला काय कळणार. दुसऱ्या दिवसापासून जुनं बंद.

तुझ्या पत्रानंतर मी इझ्नारबाईंकडे गेलो. माझ्या शेजारच्या टेबलावर असतात, त्यांना सगळं सांगितलं आणि तुला पाठवलं तसलं नवं 'बुरलिए' त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एकदाच हुंगलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "धूर काढलाय, प्रिव्हा. बर्चच्या सालीचं जळकं तेल. तोच तर याचा कणा होता." मग हळूच म्हणाल्या, "मला वाटलं होतं तुम्ही मालकाला घाबरून हो म्हणालात." तेच बरं झालं असतं.

वहिनी, फुलक्रां आयुष्यभर लावायचा ते अत्तर मी मारलं.

माझी स्वतःची जुनी बाटली आहे, अर्ध्याहून जास्त भरलेली. अंधारात ठेवली होती, बिघडलेली नसावी. ती या पार्सलात आहे. माझ्या काय कामाची? त्याला दे. पण यातलं काही त्याला सांगू नकोस, तुला आईची शपथ. त्याने लहानपणी मला कोणाकडून मार खाऊ दिला नाही. त्याच्यासमोर मला हे झालेलं नको.

आणि मी लग्नाला का येत नाही ते आता तुला कळलं असेल. डोळ्यांना लाल फडकं बांधून मी सगळ्यांसमोर काय ओळखणार?

प्रिव्हा


मियो, २९ एप्रिल

प्रिव्हा,

तू म्हणालास फुलक्रांला सांगू नको. मी सांगितलं नाही. मी पत्र स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं, मला मनातल्या मनात वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि तो तिथेच खिडकीशी होता. आता त्याचे कान मी कुठे नेऊन ठेवू? आणि शपथ माझ्या आईची म्हणत असशील तर ती या बाबतीत माझ्याच बाजूने असती.

वाचून झालं तरी तो बाहेरच बघत होता. मग म्हणाला, "मागच्या वर्षीच्या हिवाळ्यापासून?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाही."

मी म्हटलं, "तू सांगतोस का कोणाला काही? एकाच आईची लेकरं दोघं. एक नाक लपवून बसलाय, एक हात."

वाटलं आता भिंत होईल. पण त्याने खुर्ची मागे सरकवली, टेबलाशी आला आणि तुझी बाटली मागितली. मनगटावर घेतलं, पण लगेच हुंगलं नाही. हात हलवत उभा राहिला, वरचं स्पिरिट उडून जाईपर्यंत. मला वास इकडे चुलीपर्यंत आला आणि मी पाठ फिरवली, कांदा चिरत होते असं समज. मारीझ वरच्या खोलीतून धावत खाली आली. म्हणाली, "बाबा कामावर निघाले?"

तो म्हणाला, "कागद घे, नोएली. त्याला येत नाही ना, मग मी सांगतो. आणि मध्ये बोलू नको." मी बोलले नाही. मारीझला विचार. हे त्याचे शब्द आहेत, जसेच्या तसे:

"प्रिव्हा, आधी लिंबाची साल नखाने सोलावी तसं. त्याच्यावर जाऊ नको, तो दारात टोपी काढून लगेच निघून जाणारा पाहुणा. मग कडू पाला, चुरगळलेला, आपण डोंगरावर चालताना बुटांखाली यायचा तो. मग धूर. चुलीचा नाही. दोन घरं पलीकडे कोणीतरी ओलं लाकूड पेटवलंय आणि आपल्याला ते हळूहळू कळतंय, तसा. धूर बसला की कातडं येतं. नवं कोरं नाही, खोगिराची आतली बाजू, जी घोड्याच्या पाठीला लागून लागून काळी झालेली असते. आणि सगळ्यात खाली काहीतरी जनावराचं आहे, चार माणसांत नाव घेऊ नये असं, पण ते आहे म्हणून बाकीचं खरं वाटतं. संध्याकाळी शर्ट काढला की कॉलरमध्ये तेवढंच उरतं. नोएली ते कॉलर धुण्याआधी हुंगते, तिला वाटतं मला माहीत नाही."

हे मी लिहिलं, कारण जसंच्या तसं लिही म्हणाला. तू त्यावर काही बोलायचं नाही.

"नव्या बाटलीत," तो म्हणाला, "धूर काढला, तर बाकीचे सगळे आहेत पण एकमेकांना ओळखत नसल्यासारखे उभे आहेत."

मग म्हणाला, "शब्दांनी होत नाही. बोटं तर आहेत ना त्याची?" आणि तळघरात गेला. प्रिव्हा, तो तळघरात गेला. मी मागोमाग. त्याच्या कापायच्या टेबलावर मी बटाटे पसरले होते.

"हे इथे कोणी ठेवले?"

"ज्याला टेबल लागत नव्हतं त्याच्या बायकोने."

त्याने बटाटे स्वतः उचलले. कातड्याची एक पट्टी घेतली, ओली केली, टेबलाच्या कडेवरून ओढली आणि तो रुंद सुरा घेऊन तासायला बसला, पातळ करतात तसा. पण सगळीकडे सारखी नाही. ती पट्टी या पत्रात आहे, ती हातात घे. एका टोकाला दोऱ्याची गाठ बांधलीय, ती डावीकडे ठेव आणि अंगठा हळू फिरव. पहिला भाग खरखरीत, लगेच संपतो, ते लिंबू. मग बारीक रेघा, तो पाला. मग एक जागा येईल जिथे कातडं आहे की नाही असं वाटेल, इतकं पातळ. तिथे घाई करू नको म्हणालाय. तो धूर. त्यानंतर जाड आणि मऊ, खोगीर. आणि अगदी शेवटी उलटी बाजू वर घेतलीय, केसांची मुळं बोटाला लागतील. तेच ते, चार माणसांत नाव न घ्यायचं.

म्हणाला, "हे त्याचं 'बुरलिए'. यातलं मालकाला काही काढता येणार नाही."

पट्टी झाली तरी तो उठला नाही. सुरा हातातच होता. मारीझने आवाज न करता कोकराचं कातडं आणून त्याच्यापुढे ठेवलं. मी जिन्यावर उभी. त्याने ते उचलून गालाला लावलं, मग तिला म्हणाला, "हात ठेव इथे. पसर. आईसारखी मूठ आवळू नको." ती हात पसरून उभी राहिली आणि रडायला लागली, तर म्हणतो, "कातड्यावर नको, डाग पडेल."

उजवा शिवून झालाय, डाव्याची बोटं लावतेय. दाढी तो आता रोज करतो. त्या बाटलीतलं बेताने लावतो, लग्नापर्यंत पुरवायचंय म्हणतो, आणि उरलेलं तुला परत.

आता माझं ऐक. फुलक्रां म्हणतो, मालकाकडे जा आणि सांग की त्या दिवशी मला वास येत नव्हता. धूर परत घाला, नाहीतर बाटलीवरून त्या म्हाताऱ्याचं नाव काढा. तो ऐकेल न ऐकेल, तू सांग. इझ्नारबाईंना बरोबर घेऊन जा, त्या मला बऱ्या वाटतात. त्यांनाही लग्नाला आण, जागा आहे.

ते लाल फडकं मारीझने भांडी पुसायला काढलंय. नवऱ्याकडच्यांना तिने सांगितलं की काका आता कातडं बोटांनी वाचतो. ते आणखीच उत्सुक झालेत, तर सराव कर.

आणि फुलक्रांने तुझ्यासाठी नवे हातमोजे कापलेत. मागचे मी नासवले ना. फक्त अंगठे कापलेले नाहीत. तू लिहिलंस घट्ट होतात, म्हणून तो म्हणतो, हात टेबलावर ठेवल्याशिवाय कापणार नाही. ते तसेच बिनअंगठ्याचे खिळ्याला टांगलेत.

गुलाबाचं मला सांगू नकोस. तुझ्याशिवायही तो फुलतो. शुक्रवारी सकाळी मला खाटकाला किती माणसं ते सांगायचं आहे, म्हणून गुरुवारी, दहा मेला, तुझं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे: येतोस की नाही, आणि मालकाला सांगितलंस की नाही.

नोएली